छायेंतील ठिपका

वाटोळ्या वस्तूच्या सावलीच्या ऐन मध्यभागीं प्रकाश असतो, असें कोणी सांगितलें तर वाचक सहसा विश्वास ठेवणार नाहींत. १८१८ सालीं प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञानेंही ठेवला नव्हता. आणि विशेष हें कीं, तो निष्कर्ष त्यानें स्वतःच काढला होता.

प्रकाशाच्या विवर्तनावरील निबंधासाठीं फ्रेंच अकादमीनें पारितोषिक लाविलें होतें. फ्रेनेल या तीस वर्षांच्या, रस्ते-पूल बांधणाऱ्या सरकारी इंजिनियरानें प्रकाश हा लहरींचा बनलेला आहे, असें प्रतिपादणारा प्रबंध धाडला. ५ परीक्षकांपैकीं लाप्लास, बीओ व प्वासाँ हे न्यूटनच्या कणवादाचे अभिमानी. प्वासाँनें फ्रेनेलचेंच गणित पुढें चालवून दाखविलें कीं, तें खरें असेल तर वाटोळ्या चकतीच्या छायेच्या केंद्रीं, जणूं मध्यें चकती नाहींच, इतका प्रकाश पडला पाहिजे. या विपरीत निष्कर्षानें लहरवाद निकालांत निघावा, हा त्याचा हेतु. परीक्षकांपैकींच आरागो यानें मात्र २ मिलिमीटर व्यासाची धातूची चकती मेणानें कांचेवर चिकटविली आणि पाहिलें. ठिपका होता! १८१९ सालीं पारितोषिक फ्रेनेलला मिळालें.

आमच्या प्रयोगशाळेंत पदवीच्या विद्यार्थ्यांकडून मी हा प्रयोग करून घेतों. बेअरिंगमधील सुमारें ४ मिलिमीटरची गोळी, कांचपट्टी, भिंगानें पसरविलेला लेसरचा प्रकाश व २ मीटरवर पडदा, एवढीच सामग्री. गेल्या खेपेस ठिपका दिसेना. तरीही दोघांनीं वहींत ‘ठिपका दिसला’ असें लिहून टाकलें. पुस्तकांत तसें होतें ना! मीं तें खोडावयास लाविलें. अखेर एका विद्यार्थिनीनें दोष हुडकला: डिंक गोळीच्या कडेबाहेर वेडावांकडा पसरला होता. वाटोळ्या कडेचा प्रत्येक बिंदु छायेच्या केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतो, म्हणून तेथें साऱ्या लहरी एका तालांत पोंचतात. कड बिघडली कीं ताल बिघडला. गोळी पुसून पुन्हां लाविली, आणि काळ्या छायेंत टांचणीच्या डोक्याहून लहान असा तांबडा ठिपका उमटला.

हा ठिपका माराल्दीनें १७२३ सालींच पाहिला होता. पण त्याचा अर्थ न कळल्यामुळें तो विस्मृतींत गेला. अर्थ लाभला तो प्वासाँच्या आक्षेपामुळें, आणि आज ठिपक्याला नांवही त्याचेंच आहे. न पाहतां ‘दिसला’ म्हणणाऱ्या अनुयायापेक्षां, ‘दिसणें अशक्य’ असें गणितानिशीं सांगणारा प्रतिपक्षी सत्याच्या अधिक उपयोगीं पडतो.