दिलगिरी कुणाची?

देगलूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात मदनूर येते, आणि पाट्यांची लिपी बदलते. दक्षिणेला औरादकडे वळले तर ती पुन्हा बदलते, तेलुगूची कानडी होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले आंध्राकडे गेली. देगलूर आधी मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात राहिले. सीमा जमिनीवर आखली गेली तरी संस्कृतातून आलेले शब्द दोन्हीकडे तेच राहिले. फसगत होते ती तिथेच. तेलुगूत ‘विचारं व्यक्त केला’ म्हणजे दुःख किंवा खेद व्यक्त केला. मराठी कानाला वाटते, काही मत मांडले असावे. कानडीत खेद व्यक्त करायला ‘विषाद’ चालतो. मराठीत विषाद म्हटला की गीतेचा पहिला अध्याय आणि हातपाय गळालेला अर्जुन आठवतो. चुकल्यावर काय वाटते हे सांगणारे शब्द एकसारखे दिसतात आणि एकसारखे नसतात. मराठीच्या घरातला असा सर्वांत फसवा शब्द म्हणजे ‘दिलगिरी’.

त्याचे कूळ फारसी. ‘दिल’ म्हणजे हृदय, ‘गीर’ म्हणजे धरणारा. पकडणे या अर्थाच्या ‘गिरिफ्तन’ या क्रियापदातला. जागा धरणारी ती जहागीर, हात धरणारा तो दस्तगीर, आणि ज्याने काळीज धरले, आवळले, ते दिलगीर. फारसीत दिलगीर माणूस उदास असतो, कित्येकदा रुसलेला, दुखावलेलाही असतो. म्हणजे मुळात हा शब्द घाव सोसणाऱ्याचा. घाव घालणाऱ्याचा नव्हे. देगलूरच्या परिसरात फारसी उशिरा आलेली नाही. पंधराव्या शतकात बहामनींची राजधानी झालेले बिदर इथून फार दूर नाही, आणि पुढे निजामाच्या राज्यात 1880 च्या दशकापर्यंत दफ्तराची भाषा फारसीच होती. मग तिची जागा उर्दूने घेतली, ती 1948 पर्यंत. मराठीने शब्द घेतला तो मूळ अर्थासकट. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 ची, दिलगीर म्हणजे दुःखी, खिन्न. चुकीचा, अपराधाचा त्यात मागमूस नाही. आज मात्र दिलगिरी व्यक्त करतो तो ज्याच्याकडून चूक झाली तो. शब्द दुखावलेल्याच्या घरातून दुखावणाऱ्याच्या घरी नांदायला गेला, पण जाताना माहेरचा अर्थ सोबत नेला. म्हणूनच दिलगिरी व्यक्त करणारा ‘मला वाईट वाटते’ एवढेच सांगतो. ‘मी चुकलो’ हे त्यात आपोआप येत नाही.

पुढारी दिलगिरी व्यक्त करतात आणि विरोधक माफीच हवी म्हणून अडून बसतात, तेव्हा बरेच जण हा शब्दांचा कीस समजतात. कीस खरा, पण पोकळ नाही. माफी मागावी लागते, कारण ती समोरच्याच्या हातात असते. सारा माफ होतो, कर्ज माफ होते, ते देणेकऱ्याने स्वतः ठरवून नव्हे. दिलगिरी कुणी मागत नाही. ती आपली आपण व्यक्त करायची, समोरच्याने घेतली काय, न घेतली काय. पस्तावा होतो. खंत वाटते; लेकरू आईवाचून खंत घेते, तेव्हा तर तिथे चुकीचा प्रश्नच नसतो, नुसती उणीव असते. आणि चुटपुट लागते, गाडी दोन मिनिटांनी चुकली किंवा निघताना एक वाक्य बोलायचे राहिले म्हणून. (चुटपुटीला इंग्रजीत नेमका शब्द शोधून पाहावा.) प्रत्येक शब्दाने आपले क्रियापद निवडले आहे, आणि जबाबदारी कुणाची हे ते क्रियापदच सांगते.

यावर आक्षेप असा की कूळ कुणाला ठाऊक असते? बोलणारा फारसी व्याकरण उघडून दिलगीर होत नाही. बरोबर आहे. म्हणूनच माझा भर व्युत्पत्तीपेक्षा क्रियापदावर आहे. ते बोलणाऱ्याला न शिकवता येते. शिवाय नुसत्या दिसण्यावर विसंबले तर व्युत्पत्तीही दगा देते. कारागिरीतली ‘गिरी’ आणि दिलगिरीतली ‘गिरी’ जुळ्या बहिणी वाटतात. पण फारसीत तो ‘कारीगर’, त्यातला ‘गर’ म्हणजे करणारा. मराठीने त्याचा ‘गीर’ केला एवढेच. पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त यांचे तसेच: कानाला भावंडे, पण ‘पश्चात्’चा प्रायश्चित्ताशी संबंध नाही. उलट पस्तावा आणि हिंदीतला पछतावा वेगळे दिसतात आणि सख्खे आहेत. ‘पूछना’ आणि ‘पुसणे’, ‘छुरी’ आणि ‘सुरी’ यांत जो छ-स चा फरक, तोच इथे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आजची दिलगिरी ही फारसीची नव्हे, इंग्रजी कारकुनी पत्रांची लेक आहे, ‘रिग्रेट’चे भाषांतर. ‘व्यक्त करणे’ हे शेपूट तरी तिकडूनच आले असावे, हे मला मान्य आहे. पण भाषांतर करणाऱ्याने माफी, क्षमा, पस्तावा बाजूला ठेवून दिलगिरीच का उचलली? कारण रिग्रेटही मुळात जुन्या फ्रेंचमध्ये मेलेल्यासाठी आक्रोश करणे होते. त्यातही अपराध नाही. आणि ‘सॉरी’? ती ‘सॉरो’ची, म्हणजे शोकाची, नात्यातली वाटते, पण नाही, ती दुखऱ्या जखमेच्या ‘सोअर’ची. दुखणे आधी, कबुली नंतर, हा प्रवास इंग्रजीतही झाला, मराठीतही झाला, आणि दोघींनी तो एकमेकींना विचारून केलेला नाही.

रस्त्याचे काम चालू असले की मराठी पाटी म्हणते, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. इथे शब्द अजून विशेषणच आहे, मोल्सवर्थच्या वेळी होता तसा. सीमेपलीकडची कानडी पाटी ‘विषादिसुत्तेवे’ म्हणते. तेलुगू पाटी म्हणते ‘चिंतिस्तुन्नामु’, आणि देगलूरचा माणूस ती वाचून विचारू शकतो की खोदला रस्ता यांनी, मग चिंता कसली करतात.