प्रतिनिधिद्रव्य आणि कारखानदाराचा विवेक

पनवेल येथे १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापन केला व त्यास श्रीधूतपापेश्वराचे नाव दिले. या देवतेचे स्थान राजापूरनजीक असून तेथील धोपेश्वर हे ग्रामनाम त्याच संस्कृत नामाचे झिजलेले रूप होय. ‘धूतपाप’ म्हणजे पाप झटकून टाकलेला. व्यापारी संस्थेने याहून अवघड नाव घेणे कठीणच.

स्वतः औषध कुटणाऱ्या वैद्यास मुळीही ओळखीची असे आणि रोगीही. कारखान्यात हे दोन्ही संबंध तुटतात. माल व्यापाऱ्याकडून येतो, औषध अनोळखी रोग्याकडे जाते आणि मधला निर्णय व्यवस्थापकावर येऊन पडतो.

या निर्णयाचे स्वरूप च्यवनप्राशासारख्या कल्पावरून ध्यानी येते. त्यात पडणाऱ्या अष्टवर्गातील वनस्पती हिमालयीन व दुर्मिळ. राजांनाही त्या दुर्लभ झाल्याचे सोळाव्या शतकातील भावमिश्राने नमूद केले असून, मेदा-महामेदांऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकांऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलींऐवजी अश्वगंधा व ऋद्धि-वृद्धींऐवजी वाराहीकंद घ्यावा, असे सांगितले आहे. यांस प्रतिनिधिद्रव्ये म्हणतात. आता प्रतिनिधी काय आणि भेसळ काय, दोहोंत एका वस्तूच्या जागी दुसरी येतेच. परंतु शास्त्राची अनुज्ञा अभावापुरती आहे, महागाईपुरती नाही. शिवाय अश्वगंधा घालून वेष्टनावर काकोली छापण्याची मुभा तर कोणत्याच ग्रंथात नाही. बाजारात मुळीचा भाव चढला म्हणजे ‘मिळत नाही’ आणि ‘परवडत नाही’ ही दोन वाक्ये किती सहज एक होतात, हे सांगावयास नको.

एक औषध दुसरे म्हणून विकणे १८६० च्या दंडसंहितेनेही गुन्हा ठरविले होते. पण चूर्ण झालेली मुळी ओळखून तो सिद्ध करणे दुष्कर. १९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत आयुर्वेदीय निर्मिती १९६४ च्या दुरुस्तीने आली, उत्तम निर्मितिपद्धतीचे नियम तर २००० मध्ये. म्हणजे पनवेलच्या आरंभापासून सुमारे नव्वद वर्षे या व्यवसायातील खरा निरीक्षक मालकच होता.

घटकद्रव्ये आता वेष्टनावर छापावी लागतात, तरी नावाचा प्रश्न उरतोच. ‘रास्ना’ या एकाच नावाने उत्तर भारतात एक झुडूप, बंगालात झाडावर वाढणारे आमर आणि दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीचे कंदमूळ विकले जाते. मागणीपत्रात केवळ ‘रास्ना’ लिहिणाऱ्यास यांपैकी कोणतेही पाठविता येते, आणि पाठविणारा खोटे बोलला असे म्हणता येत नाही.