न्यायदंडाचे इशारे व ख्रिस्ती आचार

बायबलमधील दैवी न्यायाचे इशारे रोजच्या व्यवहाराला लावण्याची परंपरा. हे इशारे प्रामुख्याने परधर्मीयांसाठी आहेत, हा समज लोकप्रिय असला तरी चुकीचा. पेत्राच्या पहिल्या पत्रानुसार (४:१७) न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासूनच होते.

आमोस संदेष्ट्याचा रोख (८:४–६) सरळ बाजारावर आहे. शब्बाथ कधी संपतो याची वाट पाहणारे व्यापारी, लहान केलेले माप, खोटा तराजू, गव्हाबरोबर विकलेले भूस. मराठीत यालाच मापात पाप म्हणतात. वरोऱ्यासारख्या कापसाच्या बाजारगावी हा उतारा समजावून सांगावा लागू नये. वेचणीची मजुरी किलोवर ठरते, म्हणजे काट्यावर दाबलेले वजन थेट वेचणारणीच्या पदरातून जाते. कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, असे याकोबाचे पत्र (५:४) बजावते.

प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण करावे, हा पौलाचा आदेश (१ करिंथ ११:२८) याच परंपरेतला. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जागृतीत पापकबुलीला असेच महत्त्व आले. मात्र इशाऱ्याचा वापर शेजाऱ्याला धाक घालण्यासाठी होऊ लागला, की मत्तय ७ मधील कुसळ-मुसळाची ताकीद लागू होते.

मत्तय २५ मध्ये अंतिम निवाड्याची कसोटी भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांना दिलेली वागणूक ही आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले आनंदवन ख्रिस्ती संस्था नव्हे; तरी या अध्यायावरील प्रवचनात त्याचा दाखला सहज बसतो.