मोटारीची किंमत : ऐन आणि वरकड

(१) जुना हिशेबी कागद हातीं आला असतां जाणता वाचक प्रथम बेरजेकडे पाहत नाहीं, बाबींकडे पाहतो. ऐन रक्कम किती, तीवर पट्ट्या कोणत्या, दरबारखर्च किती, अंतस्थ कोणास पोंचलें, बट्टा कोणीं सोसला, हें कळल्यावांचून बेरजेस अर्थ येत नाहीं. पेशवे दप्तरांत ज्यांनीं दिवस घालविले आहेत, त्यांस हें नव्यानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मात्र आपल्या डोळ्यांदेखत रोज लिहिल्या जाणाऱ्या एका कागदास हाच नियम लावावा, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. नवी मोटार घेतांना विक्रेता गिऱ्हाइकाच्या हातीं जो अंदाजपत्रकाचा तुकडा देतो, तो हा कागद होय. प्रस्तुत लेखांत आम्ही एवढेंच दाखविणार आहों कीं, मोटारीची छापील किंमत ही तिची खरी किंमत नव्हे; खरी किंमत वरकड बाबींत व तोंडच्या घासाघिशींत असते; आणि म्हणून हा क्षुल्लक दिसणारा तुकडा ग्राहकानें मागून घेतला पाहिजे व संग्राहकानें जपला पाहिजे.

(२) विक्रेत्याचा नफा व वरखर्च यांची मर्यादा हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हता. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत स्वदेशी मालावर शेंकडा पांच व परदेशी मालावर शेंकडा दहा एवढा नफा व्यापाऱ्यास ठरवून दिला असून, याहून शंभरामागें पांच पण अधिक काढणारास दोनशें पण दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतहि पांच व दहा हेंच प्रमाण आलें आहे. तेथेंच पुढें असा विचार आहे कीं, मालासाठीं झालेला खर्च मुळांत मिळवून मगच भाव ठरवावा, आणि तो घेणारास व देणारास दोघांसहि अनुकूल असावा. यांतील मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. खर्च घेऊं नये असें स्मृतिकार म्हणत नाहींत. तो भावाच्या आंत, भाव सांगण्यापूर्वीं, धरला जावा असें ते म्हणतात. सौदा ठरल्यावर मागाहून काढलेली बाब या व्यवस्थेंत बसत नाहीं. पुढें यावयाचा सारा मोटार-व्यवहार या एका भेदाभोंवतीं फिरतो.

(३) हा भेद कायद्यानें कागदावर आणण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें मोटारींचा सुकाळ झाला व विक्रेत्यांत चढाओढ लागली. तेव्हां गाडीची किंमत मनास येईल तशी फुगवावयाची आणि गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीस भरघोस मोल दिल्याचा देखावा करावयाचा, ही रीति बोकाळली. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें आधींच काढून घेतलेलें असे. ओक्लाहोमा संस्थानचे सेनेटर माइक मनरोनी यांनीं या प्रकाराची चौकशी चालविली, आणि त्यांच्या पुरस्कारानें झालेल्या कायद्यावर ता. ७ जुलै १९५८ रोजीं अध्यक्ष आयसेनहॉवर यांची सही झाली.

या कायद्यान्वयें प्रत्येक नव्या मोटारीच्या कांचेवर कारखानदारानें एक पत्रिका चिकटविली पाहिजे. तींत गाडीचा प्रकार व क्रमांक, ती कोठें जुळविली, कोणत्या विक्रेत्याकडे व कोणत्या मार्गानें पाठविली हा तपशील असतो. आणि त्याखालीं मूळ गाडीची सुचविलेली किंमत, प्रत्येक जादा जोडणीची निराळी किंमत, विक्रेत्यापर्यंतचा वाहतूकखर्च व एकूण बेरीज अशा रकमा मांडलेल्या असतात. गाडी ग्राहकाच्या ताब्यांत जाण्यापूर्वीं ही पत्रिका बुद्ध्या काढणारास अथवा बदलणारास एक हजार डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पत्रिकेस त्या सेनेटरांचें नांव चिकटलें तें आजहि कायम आहे. कागदाची चिकित्सा करणाऱ्यांनीं पाहावें कीं, स्थल, कर्ता, मार्ग, बाबवार रकमा व बेरीज हीं उत्तम दस्तऐवजाचीं अंगें येथें एकत्र आलीं आहेत.

(४) तथापि या पत्रिकेनें घासाघीस संपली नाहीं. तिची जागा तेवढी बदलली. पत्रिकेवरील किंमत ‘सुचविलेली’ आहे, बंधनकारक नाहीं. विक्रेता तिच्या खालीं उतरूं शकतो व वरहि चढूं शकतो. शिवाय कायद्याचा धाक कारखान्याच्या पत्रिकेस आहे; तिच्या शेजारीं विक्रेत्यानें लावलेल्या दुसऱ्या पत्रिकेस तसा नाहीं. त्या दुसऱ्या पत्रिकेंत रंगाचा लेप, आसनांचें संरक्षण, गाडी तयार करण्याची मजुरी अशा बाबी येतात. याखेरीज कागदपत्रें तयार करण्याबद्दल म्हणून विक्रेता एक आकार घेतो. कांहीं संस्थानांनीं या आकारास कायद्यानें मर्यादा घातली आहे, कांहींनीं घातलेली नाहीं. त्यामुळें एकाच कामास सीमेच्या अलीकडे एक व पलीकडे त्याच्या कित्येक पट रक्कम पडते. उलट बाजूनें, कारखानदार गाडी विकली गेल्यावर छापील किंमतीच्या साधारण शेंकडा दोन-तीन इतकी रक्कम पुष्कळ विक्रेत्यांस परत करतो. म्हणजे विक्रेत्यानें विश्वासानें दाखविलेलें आपलें खरेदी-बीजक देखील त्याचा खरा खर्च सांगत नाहीं.

अशा स्थितींत भार कोणावर पडतो, याचा पुरावा उपलब्ध आहे. ईयन ऐरेस व पीटर सीगलमन या अभ्यासकांनीं शिकागोच्या आसपासच्या विक्रेत्यांकडे शिकवून तयार केलेले ग्राहक जोडीजोडीनें पाठविले. सर्वांचें बोलणें, पोषाख व घासाघिशीची रीति एकच ठेविली होती. अशा तीनशेंहून अधिक जोडफेऱ्यांचा निष्कर्ष त्यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केला. गोऱ्या पुरुषांस मिळालेल्या शेवटच्या भावाहून गोऱ्या स्त्रियांस सुमारें ९२, काळ्या स्त्रियांस सुमारें ४१० व काळ्या पुरुषांस सुमारें ११०० डॉलर अधिक सांगण्यांत आले. घासाघीस ही दोन समान पक्षांतील खुषीची देवघेव आहे, या समजुतीस याहून मोठा धक्का नाहीं. जेथें रक्कम कागदावर नसते, तेथें ती समोरच्या माणसाचें तोंड पाहून ठरते.

बेरीज आधीं सांगावी व निरुपयोगी बाबी लावूं नयेत, असा नियम अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें डिसेंबर १९२३ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्यें, कायम केला. परंतु नियम करण्यापूर्वीं द्यावयाची प्राथमिक सूचना दिली नाहीं या कारणावरून तेथील अपील न्यायालयानें तो जानेवारी २०२५ मध्यें रद्द केला. प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं, हें यावरून दिसेल.

(५) आतां आपल्या देशाकडे वळूं. येथील इतिहास उलट दिशेनें चालला. अमेरिकेंत माल उदंड व ग्राहक थोडे. येथें ग्राहक उदंड व माल थोडा. १९५९ सालीं मोटारींच्या वितरणावर व विक्रीवर नियंत्रण घालणारा हुकूम निघाला. १९६९ सालीं सरकारनें किंमतीहि ठरवून दिल्या, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन नोव्हेंबर १९७१ मध्यें त्याचा निकाल झाला. या काळांत नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. ज्यास थांबवत नसे, तो गाडी मिळालेल्या माणसास ठरीव किंमतीवर ‘ऑन’चे पैसे मोजून ती घेई. ही रक्कम कोणत्याहि पावतीवर नसे. दप्तराच्या भाषेंत तें अंतस्थच होतें.

यावरून संशोधकास एक सूत्र मिळतें. टंचाईच्या काळांत खरी किंमत छापील किंमतीच्या वर असते, सुबत्तेच्या काळांत ती बहुधा खालीं असते. छापील आंकड्यावर ती क्वचितच बसते. उद्यां एखादा अभ्यासक केवळ वर्तमानपत्रांतील किंमतींवरून १९७० च्या सुमारचा मध्यमवर्गीय संसार रचूं लागेल, तर त्याचा पायाच चुकेल.

(६) सांप्रतची स्थिति पाहतां, आपल्याकडील छापील किंमत ही दुकानांतली किंमत होय. गाडी रस्त्यावर आणण्याची नव्हे. या दोहोंमधील अंतर ज्या बाबींनीं भरतें, त्यांची वर्गवारी रक्कम कोणाच्या पेटींत जाते या कसोटीनें करावी, असें आम्हांस वाटतें.

पहिला वर्ग सरकारचा. वस्तु व सेवा कर किंमतींतच धरलेला असतो. नोंदणी-शुल्क व राज्याचा मार्गकर निराळा पडतो. दहा लाखांवरील गाडीवर शेंकडा एक याप्रमाणें जो आयकर विक्रेता जमा करतो, तो ग्राहकाच्या नांवें जमा होतो व त्याच्या आयकराच्या हिशेबांत वजा मिळतो. तो खर्च नव्हे. या वर्गांत घासाघिशीस जागा नाहीं. दुसरा वर्ग विमा कंपनीचा. नव्या मोटारीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा तीन वर्षांचा विमा १ सप्टेंबर २०१८ पासून आवश्यक झाला आहे. परंतु तो विक्रेत्याकडूनच घ्यावा असें बंधन नाहीं, म्हणून येथें दुसरीकडचा भाव आणून तुलना करतां येते. तिसरा वर्ग निव्वळ विक्रेत्याचा : जादा जोडण्या, लेप, वाढीव हमी, आणि ‘हाताळणी’ या नांवाचा आकार. हा शेवटचा कोणताहि सरकारी कर नाहीं. कर व शुल्क यांच्या रांगेंत तो बसविलेला असल्यानें मात्र वाचणारास तो तसा भासतो. बनावट कागदांत खऱ्या साक्षींच्या मध्यें एक खोटी साक्ष घालावी, त्यांतलाच हा प्रकार.

(७) विक्रेत्यास सूट देण्याची मोकळीक तरी आहे काय, हाहि प्रश्न आहे. भारतीय स्पर्धा आयोगाच्या ता. २३ ऑगस्ट २०२१ च्या निर्णयांत याचें उत्तर सांपडतें. मुंबईखेरीज महाराष्ट्रांतील विक्रेत्यांसंबंधीं आलेल्या एका निनांवी तक्रारीवरून आयोगानें मारुति सुझुकी कंपनीची चौकशी केली. कंपनीनें सुटीची मर्यादा ठरवून दिली होती. ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यास ग्राहकाच्या वेषांत हेर पाठविले जात. आणि जास्त सूट देणाऱ्या दुकानास, तसेंच तेथील नोकरांस दंड होई, असा निष्कर्ष काढून आयोगानें कंपनीस २०० कोटि रुपये दंड केला. कंपनीनें त्यावर अपील केलें. आमच्या विषयापुरतें तात्पर्य एवढें कीं, समोरचा विक्रेता ‘याहून कमी होणार नाहीं’ म्हणतो, तेव्हां तें बोलणें त्याचें स्वतःचेंच असतें असें नाहीं. म्हणून ऐन किंमतींत सूट मागून जें मिळत नाहीं, तें तिसऱ्या वर्गांतील बाबी कमी करवून कित्येकदां मिळतें.

(८) या सर्वांवरून ग्राहकानें करावयाचें काम सोपें आहे. महिन्याच्या हप्त्यावर किंवा नुसत्या ऐन किंमतीवर बोलूं नये, बेरजेवर बोलावें. जुन्या गाडीचें मोल व कर्जाचें व्याज यांचे हिशेब निराळे ठेवावेत, नाहीं तर १९५८ पूर्वींचा अमेरिकन खेळ पुनः सुरू होतो. प्रत्येक बाब कोणाच्या पेटींत जाते हें विचारावें, आणि उत्तर लिहून, तारीख घालून, सहीनिशीं घ्यावें. असे दोन-तीन दुकानांचे कागद शेजारीं ठेवले असतां निम्मी घासाघीस आपोआप होते.

संग्राहकांस विनंति निराळी आहे. करासह पक्कें बीजक सर्वत्र टिकतें. त्याआधींचा अंदाजाचा तुकडा, ज्यावर रकमा खोडून पुनः लिहिलेल्या असतात, तो केरांत जातो. पण मागणी किती, तडजोड किती, कोणती बाब गळाली व कोणती शिरली, हें त्या खोडाखोडींतच आहे. जनावरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरतात, त्यांचा लेख मागें उरत नाहीं. मोटारीच्या सौद्याचा मात्र उरूं शकतो. तरी छापील दरपत्रक, अंदाजाचे तुकडे, पक्कें बीजक, विम्याचा कागद व नोंदणीची पावती हीं पांचहि एकत्र करून एका रुमालांत बांधून ठेवावींत. किंमतीचा इतिहास लिहिणारास पुढें याहून विश्वसनीय साधन मिळणार नाहीं.