हमालांची बिअर आणि शर्करामापी

पोर्टर नावाची इंग्लिश बिअर पेल्यात ओतली की कोऱ्या कॉफीसारखी गडद तपकिरी दिसते. उजेडाकडे धरल्यास कडेला लालसर झाक असते. वास भाजलेल्या धान्याचा. पहिल्या घोटाला किंचित गोडवा, मग कडू चॉकलेटची आठवण आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा कोरडा कडवटपणा. चाखणारे तिचे वर्णन साधारणपणे असे करतात आणि या चवीला 'पारंपरिक' म्हणतात. मद्याची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही, हे शिक्षकांच्या मासिकात लिहिताना आधीच सांगितलेले बरे. आम्हांला प्रश्न पडतो तो असा, की ही परंपरा नेमकी किती जुनी?

पोर्टर म्हणजे हमाल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या रस्त्यांवर आणि थेम्सच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांचे हे आवडते पेय होते, म्हणून हे नाव. बिअरसाठी बार्लीला मोड आणून ती वाळवतात; त्या धान्याला माल्ट म्हणतात. पोर्टरचा माल्ट लाकडाच्या जाळावर करपेपर्यंत वाळवत. त्यामुळे बिअरला तपकिरी रंग येई आणि धुराचा वासही लागे. तो उतरावा म्हणून ती कित्येक महिने लाकडी पिंपांत मुरवत. ही पिंपे पुढे घराएवढी झाली. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रस्त्याजवळच्या कारखान्यात असे एक पिंप फुटले आणि बिअरच्या लोंढ्यात आठ जणांचा बळी गेला.

हा धंदा तोवर जीभ, नाक आणि अनुभव यांवर चाले. १७८४ साली हल गावच्या जॉन रिचर्डसन याने शर्करामापीच्या वापरावर पुस्तक लिहिले. शर्करामापी म्हणजे द्रवात तरंगणारा एक प्रकारचा हायड्रोमीटर. द्रवात साखर जास्त, तर त्याची घनता जास्त आणि उपकरण तितके वर तरंगते. माल्टच्या काढ्यात हे उपकरण सोडल्यावर दिसले, की स्वस्त वाटणारा तपकिरी माल्ट फिकट माल्टपेक्षा बरीच कमी साखर देतो. म्हणजे साखरेच्या हिशेबात तोच महाग! नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे माल्टवरचा करही चढला होता. कारखानदार भराभर फिकट माल्टकडे वळले.

पण आता बिअर फिकी दिसू लागली, आणि गिऱ्हाईक तर काळीच मागे. मग जळकी साखर, काकवी असे काहीबाही मिसळणे सुरू झाले. बिअर पातळ करून तिची नशा टिकवण्यासाठी काहींनी काकमारीची फळेही वापरली. ही विषारी फळे मलबारकडून जात. त्यांच्यातल्या पिक्रोटॉक्सिनमुळे माणसाला झटके येऊ शकतात. १८१६ साली ब्रिटिश संसदेने अशा मिसळींवर बंदी घातली. १८२० मध्ये रसायनज्ञ फ्रेडरिक अ‍ॅकम याने अन्नातील भेसळीवरच्या आपल्या पुस्तकात शिक्षा झालेल्या बिअरवाल्यांची नावेच छापली.

रंगाचा प्रश्न सोडवला तो डॅनियल व्हीलरने. कॉफीचे दाणे भाजतात तशा फिरत्या लोखंडी पिंपात माल्ट भाजण्याच्या कृतीचे पेटंट त्याने १८१७ साली घेतले. असा काळा माल्ट चिमूटभर घातला तरी फिकट बिअर काळी होई, आणि तेही कायद्यात राहून.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आज पारंपरिक वाटणारी ती कॉफी-चॉकलेटची चव बऱ्याच अंशी व्हीलरच्या पिंपातून आली आहे. त्याआधीचा पोर्टर धुराचा आणि मुरवणीचा होता. मुरवणीत काय घडते, हे १९०४ साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन याने दाखवले. जुन्या इंग्लिश बिअरची खास चव एका वेगळ्याच यीस्टमुळे येते, असे त्याला आढळले. त्याने तिचे नाव ठेवले ब्रेटॅनोमायसेस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. ही यीस्ट शर्करामापीला कधीच दिसली नसती. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये पोर्टर जवळजवळ नामशेष झाला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा बनू लागला, तो मुख्यतः भाजलेल्या माल्टच्या चवीचा.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. परीक्षानळीच्या तळाशी वाळू भरून ती पाण्यात उभी तरंगेल असे करा आणि पाण्याच्या पातळीशी खूण करा. मग ती गुळाच्या पाण्यात सोडा. खूण वर येईल. आता दुसऱ्या भांड्यातल्या पाण्यात थोडे थोडे मीठ विरघळवत जा. एका क्षणी नळी गुळाच्या पाण्यात तरंगली होती अगदी तितकीच तरंगेल. नळीच्या लेखी दोन्ही द्रव सारखे! यातले गोड कोणते आणि खारट कोणते, हे नळीला का सांगता येत नाही, हा प्रश्न मुलांना विचारावा. मोजमापाने धंद्यातली अंदाजबाजी संपवली, हे खरेच आहे. पण उपकरण काय मोजते आणि काय मोजत नाही, हे दोन्ही माहीत असेल तरच त्याने दिलेल्या आकड्याचा अर्थ लागतो.