हवेला बाहेर काढण्याचा इतिहास : रोलरपासून निर्वात पिशवीपर्यंत

जबलपूर ही धातूची नगरी. १९०४ मध्ये येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. ‘धनुष’ तोफांची पहिली तुकडी २०१९ मध्ये याच शहरातून सैन्याच्या स्वाधीन झाली. या शहरातील कारागिराला पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट गृहीत धरता आली. पोलाद कारखान्याच्या दारात येते, तेव्हा ते कोणत्या प्रतीचे आहे हे बव्हंशी ठरलेले असते. नमुना कापून ते तपासता येते, आणि मग त्याला आकार द्यायचा असतो.

फायबरग्लास आणि कार्बन फायबर यांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. तेथे तंतूंचे कापड वेगळे येते, राळ वेगळी येते. दोन्ही साच्यात एकत्र येऊन राळ घट्ट होते, तेव्हा पदार्थ आणि वस्तू यांचा जन्म एकाच वेळी होतो. वस्तू घडवणाराच पदार्थाची प्रत ठरवतो. म्हणूनच या तंत्राचा इतिहास हा मुख्यतः एका प्रश्नाचा इतिहास आहे : थरांमध्ये अडकलेली हवा बाहेर कोण काढणार?

काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत १९३०च्या दशकात अमेरिकेत गेम्स स्लेटर यांच्या कामातून साध्य झाली. त्याच दशकात पॉलिएस्टर राळ हाती आली. ही राळ भट्टीवाचून आणि दाबयंत्रावाचून, नेहमीच्या तापमानाला घट्ट होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात या जोडीतून विमानांवरील रडारची आवरणे बनली, आणि युद्धानंतर होड्या. साचा, ब्रश आणि रोलर एवढ्या सामग्रीवर छोटीशी कार्यशाळा सुरू करता येत असे. साच्यावर कापड पसरायचे, राळ लावायची, रोलर दाबून बुडबुडे कडेला सरकवायचे, मग पुढचा थर. हीच ‘हँड ले-अप’ पद्धत, आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला तो या साधेपणामुळेच.

परंतु साधेपणाची किंमत होती. रोलरखाली कापड पुरते दबत नाही. कोरडा डाग राहू नये म्हणून कारागीर राळ सढळ हाताने वापरतो. परिणामी भागाच्या आकारमानात तंतूंचा वाटा साधारण ३० ते ४० टक्केच राहतो. भार पेलतात ते तंतू, आणि वजन वाढवते ती जादा राळ. उरलेल्या बुडबुड्यांमुळे थर एकमेकांवरून सरकण्याची, सुटण्याची शक्यता वाढते. शिवाय उघड्या साच्यावरून स्टायरीनची वाफ उठते ती थेट कामगाराच्या श्वासात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘माणसात बहुधा कर्ककारक’ या गटात टाकले.

यावर उपाय होता तो सतराव्या शतकापासून ज्ञात असलेल्या शक्तीचा. माग्देबुर्गच्या ओटो फॉन गेरिके यांनी दोन अर्धगोलांमधील हवा उपसून दाखवले होते की घोड्यांच्या जोड्यांनाही ते ओढून वेगळे करता येत नाहीत. तोच वातावरणाचा दाब येथे कामाला लावला गेला. ओल्या थरांवर सहज सुटणारे कापड, त्यावर जादा राळ शोषणारा थर, आणि सर्वांवर कडेने हवाबंद केलेली प्लास्टिकची पिशवी. पंपाने आतली हवा काढली की बाहेरची हवा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांच्या भाराने, सर्वत्र सारखीच दाबते. समुद्रसपाटीपासून ४१० मीटरच्या आसपास वसलेल्या जबलपुरात हा दाब गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा जवळजवळ पाच टक्क्यांनी कमी मिळतो. फरक लहान असला, तरी पंपाचा काटा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तो ठाऊक असावा.

पुढची पायरी म्हणजे कापड कोरडेच ठेवून आधी हवा काढायची आणि मग त्या निर्वातालाच राळ आत ओढू द्यायची. १९४०च्या दशकातील ‘मार्को’ पद्धतीत ही कल्पना होती. १९९० मध्ये अमेरिकेत विल्यम सीमन यांना मिळालेल्या पेटंटने मोठ्या नौकांसाठी तिला व्यवहार्य रूप दिले. तंतूंचा वाटा पन्नास टक्क्यांपलीकडे गेला आणि वाफेचा उपद्रव पुष्कळ घटला.

भारतात या प्रवासाचे बोलके उदाहरण पुणे आणि गोवा यांच्यामध्ये घडले. युद्धनौकेच्या नाकाखाली, पाण्यात, सोनारचे संरक्षण करणारा घुमट असतो. ध्वनीला होणारा पोलादाचा अवरोध पाण्याच्या सुमारे तीसपट. त्यामुळे जाड पोलादी घुमट ध्वनी परतवतो, आणि पातळ केला तर लाटांचा मार सोसणे कठीण होते. काचतंतूंचा संमिश्र पदार्थ या बाबतीत पाण्याला बराच जवळचा आहे. मात्र त्यात हवेचे बुडबुडे राहिले, तर तेच ध्वनी विखुरतात. होडीत जो दोष वर्षानुवर्षे खपून जाईल, तो येथे नौकेला बहिरे करू शकतो. डीआरडीओच्या दिघी येथील संशोधन संस्थेने रचलेला आणि गोव्यातील किनेको कंपनीने निर्वाताच्या साहाय्याने राळ भरून घडवलेला पहिला देशी घुमट २०१६ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते नौदलाला सुपूर्द झाला.

मग हाताचे काम संपले काय? तसे दिसत नाही. पिशवीखालचे कापड आजही बहुधा हातच पसरतो. तंतूंची दिशा चुकली, कोपऱ्यात कापड ताणले गेले, तर कोणताही पंप ती चूक दुरुस्त करीत नाही. पिशवीला सुईएवढे छिद्र राहिले, तर बाहेर काढायची ती हवाच आत शिरते. हातपद्धतीत एखादा थर बिघडला तर तेवढाच खरवडून काढता येतो. राळ ओढण्याच्या पद्धतीत मात्र अर्ध्यावर अडकलेली राळ संपूर्ण भाग वाया घालवू शकते. बागेतील घसरगुंडी किंवा पाण्याची टाकी यांसाठी हातपद्धती आजही योग्यच आहे. विमानाचा पंख वा सोनारचा घुमट यांसाठी ती पुरेशी नाही.

म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने पंप विकत घेण्यापूर्वी एक लहान भाग हाताने घडवावा, तो आडवा कापावा आणि भिंगाखाली धरावा. कापलेल्या कडेवर दिसणारे बुडबुडे मोजले, की हवेला बाहेर काढण्यासाठी ऐंशी वर्षे एवढा खटाटोप का चालला आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही.