'महल'मधला आवाज कुणाचा?

आमच्या दिंडोशीच्या एका बाजूला चित्रनगरी आहे आणि मागे नॅशनल पार्कचं जंगल. रेल्वेरूळ ओलांडून मालाड पश्चिमेला गेलं की हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली उभारलेल्या बॉम्बे टॉकीजची जागा लागते. याच बॉम्बे टॉकीजचा 'महल' १९४९ मध्ये आला. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश. पडद्यावर मधुबाला, म्हणजे दिल्लीची मुमताज जहाँ बेगम. तिच्या ओठांवरचा आवाज होता लता मंगेशकर यांचा. गाणं दुरून येतंय असं वाटावं म्हणून लताबाई लांबून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. रेकॉर्डवर मात्र या दोघींपैकी कुणाचंच नाव नव्हतं. तिथे छापलं होतं पात्राचं नाव, 'कामिनी'.

'आलम आरा' (१९३१) आणि मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' (१९३२) यांत नटनटी स्वतःच गात. १९३५ च्या 'धूप छाँव'पासून पार्श्वगायन सुरू झालं आणि प्रेक्षकांनी ते निमूटपणे स्वीकारलं. चेहरा एकीचा, गळा दुसरीचा, तरी कुणाला खटकलं नाही. असं का झालं असेल?

याचं उत्तर कानात नाही, मेंदूत आहे. आवाज येतो पडद्यामागच्या किंवा बाजूच्या भोंग्यातून, पण आपल्याला तो नायिकेच्या तोंडूनच आल्यासारखा वाटतो. ओठ आणि सूर एकाच वेळी हलले की मेंदू दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर टाकतो. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी आणखी एक गंमत दाखवली. ध्वनी 'बा'चा आणि ओठ 'गा'चे ठेवले, तर बहुतेकांना ऐकू येतं 'दा'!

ही सवय फक्त माणसाची नाही. आसिफ गझनफर आणि निकोस लोगोथेटिस यांनी २००३ मध्ये लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडांसमोर दोन चेहरे ठेवले आणि एकच हाक ऐकवली. माकडं त्या हाकेशी जुळणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. दोन वर्षांनी गझनफर यांच्याच गटाने दाखवलं, की चेहरा आणि हाक एकत्र आली की माकडाच्या मेंदूतल्या श्रवणाच्या भागाचाच प्रतिसाद बदलतो. म्हणजे ऐकून झाल्यावर डोळ्यांचं मत विचारलं जातं असं नाही. ऐकण्याच्या कामातच डोळे भागीदार असतात. पाचही इंद्रियांची खबर एकत्र येते अशी जागा, 'हिस्स-ए-मुश्तरक', इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी मेंदूच्या पुढच्या पोकळीत कल्पिली होती. त्याची जागा चुकली, प्रश्न मात्र बरोबर होता.

सिनेमात ही भागीदारी आनंद देते. रस्त्यावर तीच महाग पडते. फोनवर माझ्या मराठीबद्दल कुणी काही बोलत नाही. समोरासमोर दाढी दिसली की, "तुमचं मराठी फार छान आहे हो!" असं कौतुक होतं. मराठी मुसलमानाला हे नवं नाही. पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत बोलत आलेली भाषा 'शिकून घेतलेली' ठरते. १९९२ साली अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन बाईचं ध्वनिमुद्रित भाषण ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना चिनी वंशाच्या बाईचा. दुसऱ्या गटाला त्याच आवाजात परकी ढब ऐकू आली आणि भाषणही कमी समजलं.

मेंदूचा हा स्वभाव उपदेशाने जाणार नाही. पण कानावर पडलेलं सगळंच कानाचं नसतं, एवढं माहीत असलं तरी माणूस निवाडा करताना थोडा थांबतो.

'महल'चं गाणं रेडिओवर लागू लागलं, तेव्हा श्रोत्यांनी पत्रं पाठवून विचारलं, हा आवाज कुणाचा? मग लताबाईंचं नाव जाहीर झालं. मला वाटतं, हा प्रश्न रेडिओच्या श्रोत्यांनाच पडणं साहजिक होतं. त्यांच्यासमोर चेहरा नव्हता.